गोचिडांचा ताप आणि तुमच्यावरचा आळ

बाबा, गेल्या महिन्यात मी सेलूला गेले होते, तुमच्याच जनावरांच्या दवाखान्यात. तिथल्या कर्मचाऱ्यांना गोचिडांपासून होणाऱ्या रक्तस्रावी तापाची माहिती द्यायची होती. ते विषाणू स्वतःच्या प्रती कशा काढतात, हे शोधणं हेच आता माझं काम आहे. तुम्ही तिथं ड्रेसर होतात, जनावरांच्या जखमा धुऊन बांधणारे. म्हशीच्या कानामागचे रक्तानं फुगलेले गोचीड उपटून अंगठ्याच्या नखावर फोडायचात आणि तेच हात पँटला पुसून मला जवळ घ्यायचात. मी अंग चोरलं की म्हणायचात, "एवढी किळस करशीन त शिकशीन काय?"

शिकले, पण किळस गेली नाही. मी त्या लोकांना सांगत होते: या विषाणूजवळ आरएनएचे तीन तुकडे असतात, तेही बहुतेक उलट लिहिलेले. आपल्या पेशीला ते वाचता येत नाहीत. म्हणून नक्कल काढणारं प्रथिन तो सोबतच घेऊन येतो. मग पेशीच्या स्वतःच्या संदेशांची टोकं कापतो, आपल्या संदेशांना डकवतो, आणि पेशी बिचारी आपलंच समजून त्याची प्रथिनं बनवत बसते. त्याच्या भावकीतले काही तर एकाच धाग्यावर एक जनुक सुलट आणि दुसरं उलट ठेवतात. इतकी वर्षं झाली, तरी हे सांगताना मला शिसारी येते. दुसऱ्याच्या घरात शिरून त्याच्याच चुलीवर रांधणं, आणि शेवटी त्याच्याच भिंतीचा तुकडा पांघरून बाहेर पडणं.

मागच्या रांगेतून तुमच्यासोबत काम केलेले काका उठले. फार थकलेत आता.

"पोरी, या तापात हिरड्यांतून रक्त येते का?"

"येतं, काका."

"अन् उलटीतून?"

"कधी कधी."

"मंग तुह्या बाबाले हेच झालतं का? तो त दारू पेतच नोहता."

सगळे माझ्याकडे बघत होते. तुम्ही गेलात तेव्हा अख्खी गल्ली म्हणाली होती, दारूनं लिव्हर गेलं. डॉक्टरांनीही एवढंच विचारलं होतं, "कधीपासून पितात?" आणि मी, रोज तुमच्या तोंडाजवळ बसणारी, दारूचा वास कधीच न आलेली मुलगी, त्यांच्यावर विश्वास ठेवून बसले. मी काकांना म्हटलं, "तपासणी झाली नव्हती, आता सांगता येणार नाही." हे खरंच आहे. दुसराही ताप असू शकतो. पण ते स्वच्छ, धुतलेलं वाक्य बोलताना मला माझीच घाण वाटली. 'माझे बाबा पीत नव्हते' एवढं म्हणायला कुठली तपासणी लागत होती? तेही म्हटलं नाही. चहासुद्धा न घेता निघून आले.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. तुमच्या शेवटच्या दिवशी आई वावरातून आली आणि तिनं विचारलं, "बाबाले पाणी पाजलं का?" मी अंगणात उभी होते. आत उशीवर, चादरीवर रक्त होतं आणि तो वास दारापर्यंत येत होता. मी म्हटलं, "झोपले हायेत."

तुम्ही झोपला नव्हतात. दोनदा हाक मारली होती, आणि दोन्ही वेळा मला ऐकू आली होती.