आईला विचारलंच नाही

आप्पा, आज सातवीच्या पोरांनी मला चांगलंच पकडलं. माहितीपर लेखात लिहिणाऱ्याचा कल कसा ओळखायचा, हा धडा होता. कोणाला विचारलंय, कोणाला वगळलंय, कौतुकाचे शब्द कोणाच्या वाट्याला आलेत, ते शोधायचं. नमुना म्हणून मी माझाच लेख वाचायला दिला. तो शाळेच्या स्मरणिकेसाठी उद्या द्यायचा आहे. यंत्रमागाच्या संपात तुम्ही एकट्याने घर कसं सावरलंत, त्याची हकीकत.

खरं तर ही रीत तुमचीच. संप झाला तेव्हा मीही सातवीतच होते. कारखान्याच्या मालकावर चिडून निबंध लिहिला, बाईंनी शाबासकी दिली. तुम्ही बशीतला चहा फुंकत तो ऐकताय. मला वाटतंय, आता पाठ थोपटाल. तर म्हणता, "झ्याक लिवलंस. पन मालकाला इचारलंस व्हय?" संपावर तुम्ही आणि बाजू मालकाची! मला रडूच फुटलं. दुसऱ्या दिवशी तुम्हीच मला त्याच्या दारात नेलंत. "पटू दे न्हायतर नको पटू दे, इचारायचं की." मालक काय म्हणाला ते मी विसरले. तुम्ही चपला काढून बाहेर उन्हात उभे होता, ते विसरले नाही.

आज मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, ह्यात तुमची आई कुटं हाय? तिला इचारलंच न्हाय की." वर्ग हसला. मला हसता आलं नाही.

घरी आल्यावर आईला विचारलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "संपात? विड्या वळत हुते की, सा महिने. तुजे आप्पा भिताडाकडं तोंड करून पडून असायचे. लई खचले हुते." मग हळूच म्हणाली, "ते नगं लिवू."

आप्पा, तिच्या मांडीवरचं सूप आणि घरभर भरलेला तंबाखूचा वास मला आठवत नव्हता असं नाही. मी तो लेखात येऊ दिला नाही. तुम्ही मोठे दिसावेत म्हणून तिला पुसून टाकलं, आणि याची मला फार लाज वाटते.

'एकट्याने' हा शब्द आता खोडलाय. आईचे सहा महिने लिहिलेत. भिंतीकडे वळलेलं तुमचं तोंड मात्र अजून लिहिलेलं नाही. आई नको म्हणाली, असं मी त्या मुलीला सांगेन. पण नको आहे ते मलाच. आणि तुम्ही होता तोवर तुम्हाला तर विचारायचंच राहिलं.