न टेकवलेला धागा

११ मार्च २००४, डिंभे

पुण्याच्या परिषदेतून आणलेला तो नायलॉनचा धागा डोक्यातून जात नाहीये. शुगरच्या पेशंटने डोळे मिटायचे, मी तळपायाला धागा टेकवून विचारायचं, लागलं का? इतकं सोपं.

आज धरणात मासे धरणारे सखाराम आजोबा आले. धागा बोटांत फिरवून म्हणाले, "ही तर आमची गळाची तंगूस, डाक्तरीणबाई." मग डोळे मिटून दर वेळी "लागलं". मी खूश. वहीत 'संवेदना ठीक' लिहिणार, तेवढ्यात टाचेत रुतलेला बाभळीचा काटा दिसला. जुना, भोवती पू. त्यांना पत्ताच नाही.

मग धागा टेकवलाच नाही, नुसतं विचारलं.

"लागलं."

"आजोबा, मी धागा लावलाच नाही."

ते ओशाळले. "तुमी यवढं पुण्याहून आणलंय. न्हाई कसं म्हनू?"

परिषदेत हे कुणीच कसं बोललं नाही? का तिकडचे पेशंट सरळ नाही म्हणतात? उद्यापासून मधूनमधून धागा न टेकवताच विचारायचं.

पण गेल्या आठवड्यातल्या अकरा जणांचं काय? सगळ्यांपुढे 'ठीक' लिहिलंय. आणि सगळेच माझ्याशी फार चांगले वागतात.