टक् म्हटलं की हात सोडायचा

झरी, ता. जि. परभणी
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. ज्ञानेश्वरी हिस सुग्रीव मामाचे अनेक आशीर्वाद. तुझ्या आईवडिलांना माझा रामराम सांग. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, तुझ्या सासूची, कडूबाईची, कंबर तेवढी सोडून. कापूस वेचायला बाया मिळेनात म्हणून स्वतःच वाकली आणि आता दोन दिवस झाले, सरळ होईना. शेक दे म्हटलं तर मलाच रागावते.

सासऱ्यानं सुनेला पत्र लिहावं, असं आपल्याकडं कुणी केलेलं मी तरी ऐकलेलं नाही. पण फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. मी विचारतो, "जेवलीस का पोरी?" तू म्हणतेस, "हां मामा. तुमी?" मी म्हणतो, "झालं की." मग दोघंही गप्प. शेवटी कडूबाई माझ्या हातातून फोन ओढून घेते. म्हणून दुपारी गिऱ्हाईक नसताना दुकानात बसून लिहितोय. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, त्यात बोटांना ग्रीस. सांभाळून घे.

तुझा आदिनाथ पिकअप घेऊन मानवतला कापसाच्या खेपा मारतोय. आपल्या दुकानापुढचा रस्ता नवा झाला. लोक खूश आहेत, पण पंक्चर निम्म्यावर आले, त्यामुळं मी खूश व्हावं की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. शेजारच्या माणिकरावानं हॉटेलात भज्यांची नवी कढई आणलीय. भजी तीच, जुनीच, तेलकट.

तू पुढच्या आठवड्यात येणार हे आदिनाथनं सांगितलं. पाच महिन्यांनी येतेस. घरात सण असल्यासारखं झालंय. कडूबाईनं कंबर धरून तांदूळ निवडले. पण पोरानं आणखी एक सांगितलं. तू म्हणालीस म्हणे, "मी घरचं करीन, रानातलं करीन, पण दुकानात पाय ठेवणार न्हाई. पाना पुन्हा हातात धरणार न्हाई. तो टकटक्या कुणाला तरी देऊन टाका."

कडूबाई म्हणाली, "येतीय न्हवं? बास झालं." मला बास झालं नाही. मी उठून दुकानात आलो आणि तुझ्या पान्यावरची धूळ पुसत बसलो.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा तो पाना पेटीतून काढलास, ते आठवतं. परभणीला आयटीआय केलेली, चाकणच्या कारखान्यात दोन वर्षं गाड्यांच्या चाकांचे नट आवळलेली सून! आम्हाला वाटलं होतं, स्वयंपाक बरा येत असला म्हणजे झालं. तू मात्र पहिल्या पगारात घेतलेला हातभर लांब पाना दाखवलास. त्याच्यावर आकडे. एकशे दहावर लावायचा, समोरासमोरचे नट धरत जायचं, नट पुरता बसला की पाना टक् म्हणतो. टक् म्हटलं की हात सोडायचा. तू म्हणालीस, "मामा, लय आवळलं म्हंजी पक्कं झालं असं नसतंय. बोल्ट ताणतो. ताणलेला बोल्ट थकतो, मंग कवातरी तुटतो." मी हसलो होतो. मी तीस वर्षं पान्याला पाईप घालून वर उभा राहणारा माणूस. लोक म्हणायचे, सुग्रीवचा पाय लागला म्हणजे चाक निघायचं नाही.

ट्रॅक्टरवाला आलाय. राहिलेलं उद्या लिहितो.

शुक्रवार, दुपार

काल ट्रॅक्टरवाला दहा मिनिटांत गेला होता. खोटं कशाला बोलू. लिहायची हिंमत झाली नाही म्हणून उठलो.

आता सरळ लिहितो. जूनमध्ये दिनकररावांच्या गाडीचं पुढचं चाक निघालं, ते तुझ्यामुळं नाही. माझ्यामुळं.

पंक्चर तू काढलंस, चाक तू बसवलंस, चारी नट टक् होईपर्यंत आवळलेस. मी ऐकलेत, चार टक्. मग तुला कडूबाईनं हाक मारली, तू घरात गेलीस. दिनकरराव शेजारी माणिकरावाकडं चहा पीत होते. मी इकडं तिकडं बघितलं, मोठ्या पान्याला पाईप घातला आणि एकेका नटावर उभा राहिलो. तू चाक चढवायच्या आधी बोल्टांना ग्रीसचं बोटही लावलं होतं, तुझी नजर चुकवून; ग्रीसनं नट जास्त फिरतो आणि बोल्ट आणखी ताणतो. तू परत येईपर्यंत पाईप जागच्या जागी.

आणि त्या एकाच दिवशी नाही. तू दुकानात आलीस तेव्हापासून, आठ महिने, तू पाठ फिरवलीस की जवळजवळ प्रत्येक चाकावर मी पाय दिला. का दिला? मी मनाला सांगायचो, सुनेच्या हातचं काम आहे, काही झालं तर पोरीच्या माथी यायला नको. हे निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं, की लोक तुझ्या पान्याला बघायला थांबायला लागले होते आणि माझ्या पायाला कुणी विचारीना. या वयात सुनेचा हेवा वाटला, हे लिहिताना कान गरम झालेत.

त्या दिवशी परभणीच्या वाटेवर गाडी खड्ड्यात कलली, त्यांच्या मंडळींचं, सुमनबाईंचं, मनगट मोडलं. मी आणि आदिनाथ तिथं गेलो तेव्हा मला रस्त्यावर बोल्टाचा तुकडा सापडला. तुटल्या जागी मान बारीक झालेली, ताणलेल्या गुळाच्या पाकासारखी. नट ढिले राहिले असते तर बोल्ट असा तुटला नसता, आटे घासले असते. तूच शिकवलेलं. मला तिथंच कळलं. मी तुकडा खिशात घातला आणि गप्प बसलो.

दुकानापुढं माणसं जमली. "बाईच्या हातचं चाक, दुसरं काय व्हनार," असं कोण कोण बोललं ते तू ऐकलंस. तू माझ्याकडं वळून म्हणालीस, "मामा, माझे चारी टक् झाले होते. तुमी होता न्हवं शेजारी?" मी म्हणालो, "व्हय, होतो." एवढंच म्हणालो. पुढचं एक वाक्य होतं, ते माझ्या तोंडातून निघालं नाही. तू माझ्याकडं बघत राहिलीस आणि मी जमिनीकडं. पोरी, ते तुझं बघणं पाच महिने माझ्यासमोरून हललेलं नाही.

चार दिवसांसाठी म्हणून तू सोनपेठला माहेरी गेलीस. मला आतून बरं वाटलं होतं. ज्याच्यापुढं मान खाली घालावी लागते ते माणूस नजरेआड झालं की बरं वाटतं. असला मी.

तो तुकडा तंबाखूच्या डबीत ठेवला होता. या पत्रात गुंडाळून देतो. उजेडात धरून बघ. माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, तुझं तुला कळेल.

शनिवार

आज सकाळी दिनकररावांच्या घरी गेलो. दोघंही ओसरीवर होते. माणिकरावालाही मुद्दाम सोबत नेलं होतं, कारण त्याला सांगितलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या झरीला कळतं. उभ्यानंच सगळं बोललो. पाईप, पाय, ग्रीस, बोल्टाचा तुकडा. दिनकरराव लय तापले. "पाच महिने तोंडात काय भरलं होतं?" म्हणाले. मी म्हणालो, "तोंडात काही नव्हतं, मालक. अंगात दम नव्हता."

सुमनबाई मोडलेल्या मनगटावरून दुसरा हात फिरवत होत्या. त्या हातानं अजून भाकरी थापता येत नाही म्हणे. माझ्यानं तिकडं बघवेना. मग त्यांनी विचारलं, "हे आमाला सांगायलास. त्या पोरीला सांगितलंस का?"

"पत्र लिवलंय," मी म्हणालो.

"धाडलंस का?"

"खिशात हाय."

"मंग चहा पिऊ नको. आधी जा, पत्र धाड. माजं मनगट जुळलं तरी. तिचं काय?"

मी उठलो. चहा खरंच मिळाला नाही. माणिकरावाला मिळाला.

तुझ्या वहीतून गिऱ्हाइकांचे नंबर काढून कालपासून एकेकाला फोन लावतोय. "गाडी घेऊन या, माझ्या हातनं चूक झालीय," असं सांगतो. पाच महिने ओळखीची गाडी समोरून गेली की माझी नजर आधी तिच्या चाकांवर जायची, तरी हा फोन मी केला नव्हता. सगळ्यात मोठं पाप हेच, हे मला कळतं. आजपर्यंत सहा गाड्या आल्या. तिघांच्या बोल्टांच्या माना बारीक झालेल्या निघाल्या. बदलले. नट तुझ्या पान्यानं आवळले. पहिल्या नटाला टक् झाल्यावर माझा पाय आपोआप उचलला गेला, खरं सांगतो. कडूबाई दारात उभी होती, ती एवढंच म्हणाली, "पाय खाली."

तिला काल रात्रीच्या जेवणाआधी सांगितलं. तिनं माझ्यापुढं ताट ठेवलं आणि पाठ करून बसली. आदिनाथ तर उठून रानात निघून गेला. परत आला तेव्हा म्हणाला, "तुमी गप राहिला म्हणून मीबी तिला म्हणलो होतो, एखादा नट राहिला असल. आता म्या काय तोंड दाखवू?" ते तो तुला स्वतः सांगणार आहे. त्यालाही ऐकून घे.

रविवार, सकाळ

हे पत्र आदिनाथ घेऊन येतोय. तो एसटीनं येतोय, पिकअप आणणार नाही. त्याच्याही चाकांवर माझा पाय पडलेला आहे, आणि त्या गाडीत मी तुला बसवणार नाही.

तू घरी ये किंवा येऊ नको म्हणण्याचा हक्क माझा राहिलेला नाही. घर तुझं आहे. आलीस आणि दुकानाकडं फिरकली नाहीस तरी कुणी एक शब्द बोलणार नाही, मी बोलू देणार नाही. पण आपल्याच हातात दोष आहे, असं मनात धरून येऊ नको. तसं येऊ नको पोरी. तुझा हात पहिल्या दिवसापासून बरोबर होता. हे मी आता चारचौघांत बोललोय आणि मरेपर्यंत बोलणार आहे.

मला माफ कर असं लिहिणार होतो. लिहिलं, खोडलं. तुझ्यावर ओझं नको. वाटलं तर कर, नाही वाटलं तर नको करू.

पिकअप दुकानापुढं जॅकवर उभी आहे. चारी चाकांना नवे बोल्ट घातलेत, ग्रीस लावलेलं नाही. नट बोटांनी फिरवून नुसते बसवलेत. मानवतच्या व्यापाऱ्यांचे दोन वेळा फोन येऊन गेले, कापूस कधी आणतोस म्हणून. आदिनाथला म्हटलं, थांबू देत. ते नट मी आवळणार नाही.

तुझ्या हाताखाली काम शिकायला तयार असलेला,
सुग्रीव मामा