बाप्पा सोडून मोजलेला तळ

बाबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा वाटलं, बरं झालं तुम्ही बघायला नाहीत. मी साकीनाक्याच्या ऑफिसात बसून तलावाच्या तळाचा व्हिडिओ बघतो. बोटीतून सोडलेला कॅमेरा तळावरून सरकतो आणि वस्तू दिसली की मी बटण दाबतो. टायर, बाटली, तुटकी खुर्ची. त्यावरून किती जागेत किती वस्तू ते निघतं. विरळ असेल तिथे पाणबुडे उतरून हाताने काढतात. दाटी असेल तिथे माणूस उतरवायचाच नाही, यंत्र लावायचं.

तुम्ही मरोळच्या कारखान्यात चेकर होतात. एका रविवारी मला घेऊन गेलात, तडकलेले नग वेगळे काढायला बसवलंत. लेथवरच्या काकांनी मला चिक्की दिली होती, म्हणून त्यांचा एक तडकलेला नग मी चांगल्यांत सरकवला. तुम्ही नेमका तोच उचललात आणि सगळ्यांसमोर माझा कान पिळलात. "दिसला ता दिसला. आपलो माणूस म्हणान सोडतलस?" फार राग आला होता तुमचा. खरं सांगू, अजून थोडा आहे.

मागच्या आठवड्यात पडद्यावर सोंड आली. मग मुकुट, अर्धा चेहरा, बाहेर आलेल्या सळया. बटणावर बोट पडेचना. टायर-बाटल्यांच्या यादीत बाप्पाला कसं घालायचं हो? सोडला. पुढचाही सोडला. अख्खा पट्टा तसाच गेला आणि तिथे विरळ आहे असं ठरलं. आज सकाळी दोन पाणबुडे उतरले, त्यातल्या एकाची हवेची नळी सळयांत अडकली. त्याचा भाऊ काठावर त्याच्या कमरेचा दोर धरून उभा, मीही आज तिथे गेलो होतो, भावाच्या शेजारी. दोराला झटके बसत होते, मग दोर हलायचाच थांबला. माझी तर वाटच लागली, देवाचं नाव घ्यायचीही लाज वाटली. जोडीदाराने त्याला ओढत वर आणला, खोकत, हात फाटलेला. वाचला.

साहेबांनी विचारलं, एवढं सगळं तुला दिसलं कसं नाही? मी म्हटलं, सर, पाणी गढूळ होतं. त्यावर तो भाऊच मला समजावायला लागला, "जाऊ द्या ना दादा, पाण्यापुढे तुम्ही काय करणार?"

काम थांबवलंय, सगळं पुन्हा मोजायचंय, आणि तेही मलाच. हे साहेबांना लिहायला हवं होतं, लिहितोय तुम्हाला. बाबा, पाणी स्वच्छ होतं.