‘ती मैत्रीण आमच्या आजी नव्हेत’ हा खुलासा न काढण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, श्री. शैलेंद्र कारखानीस,
हरितद्वीप मराठी मंडळ,
सँडीफोर्ड, डब्लिन.

विषय : नर्तकी अलिवेलू यांच्या जीवनावरील तेलुगू चित्रपट, मंडळाने केलेली त्याची जाहिरात व मंडळ आता प्रसिद्ध करू पाहत असलेला खुलासा.

संदर्भ : १) मंडळाचे व्हॉट्सॲपवरील पोस्टर, दि. ५ फेब्रुवारी २०२१.
२) सचिव श्री. विक्रांत यांचा दि. १६ फेब्रुवारीचा फोन.

महोदय,

१. अर्जदार प्रमोदिनी देऊळगावकर, वय ७६, सध्या मुलाकडे सँडीफोर्डला राहते व मंडळातील मुलींना झूमवर कुचिपुडी शिकवते. ती हैदराबादेत काचीगुड्याच्या मराठी घरात वाढली. शेजारची अलिवेलू आणि ती एकाच गुरूंकडे शिकल्या. अलिवेलू नाचात पुढे गेली, तेव्हा अर्जदार तिच्या कार्यक्रमांत टाळ धरून बोल म्हणू लागली. यात तिला कधी कमीपणा वाटला नाही. अलिवेलूचा पाय ज्याने जवळून पाहिला, त्याला तो वाटणारही नाही. अलिवेलू मंचावर जाण्याआधी मागे वळून “ओसेय प्रमोदा” अशी हाक मारी आणि अर्जदाराने मान हलवल्याशिवाय पाऊल टाकत नसे.

२. हा चित्रपट मंडळ ऑनलाइन दाखवणार असे कळले, तेव्हा अर्जदाराने आनंदाच्या भरात श्री. विक्रांत यांना सांगितले की, त्यातली मराठी मैत्रीण म्हणजे मीच असणार. दुसऱ्या दिवशी पोस्टर आले : ‘ती मराठी मैत्रीण म्हणजे आपल्याच प्रमोदिनी आजी! अभिमान!’ शेजारी गणपतीत मोदक वळतानाचा अर्जदाराचा फोटो. मंडळातल्या एकानेही तोवर चित्रपट पाहिला नव्हता. आपले माणूस कुठे दिसले की आपण आधी टाळ्या वाजवतो आणि कशासाठी वाजवल्या ते मागाहून विचारतो.

३. दि. १३ रोजी सगळ्यांनी आपापल्या सोफ्यावर बसून चित्रपट पाहिला. त्यातल्या मैत्रिणीला नाव नाही. तिला नऊवारी नेसवली आहे आणि कानशिलापर्यंत येईल एवढी नथ घातली आहे. अर्जदाराने उभ्या आयुष्यात नऊवारी नेसून टाळ धरलेले नाहीत. कुचिपुडीत पितळी ताटाच्या काठावर पाय रोवून नाचतात. ही नथवाली जळफळाटाने त्या काठाला बाटलीतले शेंगदाण्याचे तेल फासते, अलिवेलू पडते, इस्पितळात जाते, तिथे देखणा डॉक्टर येतो आणि गाणे सुरू होते. चित्रपटाने नाव दिले नव्हते. ते मंडळाने दिले, फोटोसकट.

चॅटमध्ये लगेच सुरू झाले : “आता आजींच्या हातची भजी खायची का नाही?” “तेल जपून वापरा हं आजी!” सोमवारी सौ. अस्मिता यांचा फोन, “काकू, मुलींचा स्क्रीन टाइम फार होतोय हो, जरा ब्रेक घेऊ या का?” मागोमाग बाकीच्या आयांचेही तसेच फोन. क्लासला आलेल्या एकुलत्या एका मुलीने म्यूट काढून विचारले, “आजी, डिड यू रिअली पुट द ऑइल?” तिने निदान विचारले. मोठ्यांपैकी कोणाला तेवढेही वाटले नाही.

४. घडले ते असे. सन १९६७, विजयवाडा. अलिवेलूच्या अंगात ताप होता. गुरूंनी व अर्जदाराने नको म्हटले, तिने ऐकले नाही. ताटावर तिचा तोल गेला आणि काठाने अंगठा फाटला. अर्जदार टाळ टाकून धावली. अलिवेलू बसल्या जागी म्हणत होती, “त्वरगा प्रमोदा, त्वरगा!” लवकर, लवकर. म्हणून अर्जदाराने काठावरचे रक्त पदराने पुसले. ताट पुसताना लोकांनी पाहिले, त्याचे पुढे तेल झाले. आणि पुसून होताच अलिवेलू पुन्हा ताटावर चढली आणि तिने नाच पुरा केला.

हे चित्रपटात नाही. अर्जदाराचा खरा संताप इथे आहे. डॉक्टरला उचलायला कोणीतरी हवे, म्हणून त्यांनी तिला पाडून ठेवले. ती स्वतःच्या पायांवर उठली होती! गुरू गेले, अलिवेलू गेली. त्या मंचावरचे आता अर्जदाराशिवाय कोणी उरलेले नाही.

५. तक्रार केल्यावर श्री. विक्रांत म्हणाले, “आजी, इट्स ग्रँड, पिक्चर आहे तो! टेन्शन मत लो. आपण खुलासा टाकू, पोस्टरमध्ये चूक झाली, ती मैत्रीण तुम्ही नव्हेच. विषय संपला.” अर्जदाराचा मुलगाही म्हणतो, घे ना आई, सुटशील. महोदय, अर्जदाराला सुटायचे नाही. ती मैत्रीण तीच होती. आपल्या खुलाशाने अर्जदाराच्या अंगावरचे तेल जाईल आणि त्याबरोबर अलिवेलूही जाईल. तेल लावणारी दुसरीच कोणी मराठी बाई होती असे ठरेल आणि चित्रपट खराच राहील.

६. तरी खुलासा काढू नये. पोस्टर तसेच ठेवावे, मोदकांचा फोटो तेवढा बदलल्यास उपकार होतील. दि. २७ चा दुसरा खेळही रद्द करू नये. अलिवेलू पडते तिथे चित्रपट थांबवून अर्जदाराचा माइक चालू करावा. तिथून पुढची संध्याकाळ ती टाळांवर बोल म्हणत सांगेल, अलिवेलूचा नाच पुरा होईपर्यंत. त्यानंतर डॉक्टर ज्याला पाहायचा त्याने पाहावा.

मंडळाला हे जमणार नसेल, तर सरकारने घरापासून पाच किलोमीटर फिरायला मुभा दिली आहे. अर्जदार टाळ घेऊन निघेल आणि तेवढ्या टापूतल्या प्रत्येक सभासदाच्या दारासमोर, दोन मीटर अंतर राखून, हेच सांगेल. गार्डा पोलीस आले तर त्यांनाही पहिल्यापासून सांगेल.

आपली, अजून तरी नम्र,
(सही)
प्रमोदिनी देऊळगावकर
अलिवेलूची मैत्रीण

सँडीफोर्ड, १८ फेब्रुवारी २०२१

सोबत : विजयवाड्याच्या कार्यक्रमानंतर काढलेला दोघींचा फोटो. अलिवेलूच्या अंगठ्याला बांधलेली चिंधी माझ्या पदराची आहे.