सर्वेअर येईपर्यंत

१६ जानेवारी
लिहायचं लिहायचं म्हणून टाळत होतो. एक तर उत्तरायण, पतंगांचा सण, त्यात काल वासी उत्तरायण, म्हणजे सणाचा दुसरा दिवस. बडोद्यात या दिवसांत कोणी वही उघडत नाही. शिवाय लिहिलं की घडलं असं होतं.
तर घडलं. काकांची गाडी विजेच्या खांबाला लागली. मी लावली असं नाही. कापलेला पतंग काचेवर येऊन बसला, खांब दिसला नाही. डावा दिवा, बंपर, बॉनेटला घडी. मला खरचटलंही नाही. खांबालाही नाही.
काका-काकू नाशिकचा जुना फ्लॅट रिकामा करायला गेलेत, ३१ ला येणार. जाताना काका म्हणाले, रोज सकाळी नुसतं इंजिन चालू करायचं, बॅटरी उतरू नये म्हणून. गेटबाहेर न्यायची नाही. जशीच्या तशी राहिली तर फेब्रुवारीपासून तुला पावागढच्या भाड्याच्या ट्रिपांना देतो. नाहीतर जळगाव आणि तुझ्या वडिलांची, बापूंची पिठाची गिरणी आहेच.
मी फक्त मांजा आणायला नेली होती.
ठरलं: ३१ च्या आत क्लेम, रिपेअर, पॉलिश. काकांना पत्ता लागता कामा नये.

१७ जानेवारी
तरसालीच्या गॅरेजवाल्या दिग्विजयभाईंना फोटो पाठवले. म्हणाले, विमा कंपनीचा सर्वेअर नुकसान बघून जाईपर्यंत एक स्क्रूसुद्धा फिरवायचा नाही.
दुपारी ॲपवर क्लेम टाकला. मागच्या वर्षी काका नाशिकला राहायचे तेव्हा पॉलिसी मीच ऑनलाइन रिन्यू करून दिली होती, नंबर माझा टाकून. म्हणजे सगळे मेसेज मला. इतका पुढचा विचार आमच्या घरात कोणी करत नाही. 'गाडी कुठे आहे' यावर 'पॉलिसीतल्या पत्त्यावर' असं तयार उत्तर होतं, तेच दाबलं. टाइप करत कोण बसतं. मित्र पीयूष खाली बाइकचा हॉर्न मारत होता.
सेव-उसळ. दोन प्लेट.

१८ जानेवारी
इंजिन चालू करायचं राहिलं. कालही. उद्या डबल वेळ चालू ठेवायचं.
ट्रिपांसाठी गॉगल बघितला.

१९ जानेवारी, दुपारी
सर्वेअरचा फोन. वामन शेलार. चक्क मराठी. बडोद्यात आपली माणसं कुठे कुठे बसली आहेत. परवा येतो म्हणाले, घरी कोणी असेल ना? म्हटलं, घरचं कोणी ना कोणी असतंच, बिनधास्त या. मग विचारलं, गंगापूर रोडनं येऊ की कॉलेज रोडनं? मला दोन्ही माहीत नाहीत, बडोदं फार वाढलंय. पण अज्ञान दाखवलं की क्लेम कमी होतो. गंगापूर रोडनंच या, असं ठामपणे सांगितलं.
संध्याकाळी जगदेवरावांनी गाठलं. सोसायटीचे सेक्रेटरी, कारेलीबागेतले जुने. गाडीला कव्हर का? म्हटलं, उन्हानं रंग उडतो. जानेवारीत का, म्हणाले. या वयात माणसं उगाच संशयी होतात.

२१ जानेवारी
आज सर्वेअर येणार म्हणून घरी थांबायचं ठरवलं होतं. थांबलोही. पण एका जागी बसलं की पाय वळवळतात. पीयूष नंदेसरीला निघाला होता, मागे बसलो. मी नसलो तरी गाडी आहेच की पार्किंगमध्ये.
परत येताना मेसेज: 'सर्वेअरची भेट पूर्ण.' आला, कव्हर काढलं, बघितलं, कव्हर परत जसंच्या तसं घातलं. गाठसुद्धा माझ्यासारखीच. याला म्हणतात काम. पीयूष म्हणाला, मी बोललो होतो ना, पती जशे, म्हणजे होऊन जाईल, सगळं निभेल. त्याला जिलेबी दिली.
उद्या ट्रिपांचं रेटकार्ड.

२२ जानेवारी, संध्याकाळी
मेसेज: 'गाडीमालकाच्या लेखी जबाबावरून क्लेम बंद.'
वामन शेलारांना फोन करून चांगलं झापायला घेतलं. ते शांतपणे म्हणाले, साहेब, मी नाशिकचा सर्वेअर. पॉलिसीतला पत्ता नाशिकचा, तिथे गेलो. तुमचे काका सामानाच्या खोक्यावर बसले होते. मलाही एका खोक्यावर बसवून चहा पाजला. म्हणाले, काहीतरी घोटाळा आहे, गाडी बडोद्यात आहे, तिला ओरखडाही नाही. माझा पुतण्या तिला गेटबाहेर काढत नाही, मी लिहून देतो. दिलंय लिहून. काकू म्हणत होत्या, आधी पोराला फोन तरी करा. तर म्हणाले, विचारलं की अविश्वास दाखवल्यासारखं होतं.
मी काहीतरी बोलून फोन ठेवला.
पीयूषनं हॉर्न मारला. गेलो नाही.
चूक ॲपची आहे. असं तयार उत्तर ठेवायचंच कशाला. तरी उद्या काकांना फोन करून सगळं खरं सांगायचं. सकाळी उठल्याबरोबर. चहाच्या आधी.

२३ जानेवारी, सकाळी
आधी चहा घेतला. घसा कोरडा असला की माणूस खोटं बोलतोय असं वाटतं.
फोन हातात घेतला. नीट सांगता यावं म्हणून सुरुवात ठरवत होतो: पतंगापासून की खांबापासून.
खाली रिक्षा थांबली.
काका. एकटे नाहीत, मागून बापू उतरले. गिरणी बंद ठेवून बापू लग्नालासुद्धा जात नाहीत. काका जगदेवरावांना सांगताहेत, इथपर्यंत ऐकू येतंय: पोरानं शब्द पाळला हो, मी कंपनीला लिहून दिलं. म्हटलं, ३१ पर्यंत कशाला थांबायचं, दादालाच बोलवून घेतो, त्याच्याच हातानं किल्ली देऊ.
काकांच्या हातात झेंडूचा हार आहे, गाडीला घालायचा. बापूंच्या हातात नारळ.
जगदेवराव पुढे होऊन कव्हरची गाठ सोडून देताहेत.