आमच्या ह्यांना राग येईनासा झाला आहे

वडीलधाऱ्या आर्खिप्पोस भाऊजींना, अथेन्सहून धाकटी भावजय मिर्टाले हिचा वाकून नमस्कार.

तिकडे एजिना बेटावर आपली सगळी मंडळी खुशाल असतील. जाऊबाईंचा गुडघा कसा आहे? (परवा आलेला कोळी सांगत होता, की शेजारणीला शिव्या द्यायला त्या आता स्वतः उठून दारापर्यंत जातात. ऐकून फार बरं वाटलं.) तुमचं आणि तुमच्या भावाचं बोलणं बंद, तेव्हा आमच्या घरचं पत्र बघून आधी तुमच्या कपाळाला आठ्या पडतील हे मला ठाऊक आहे. झुंजीच्या दिवशी तुम्ही तुमच्या कोंबड्याला चेव यावा म्हणून जास्तीचा लसूण चारला होता की नव्हता, या वादात मी आजही पडत नाही. (चारला होता. पण असो.)

लिहिण्यास कारण की, तुमच्या भावाला राग येईनासा झाला आहे.

हसू नका. भट्टीत एक घडा तडकला तर सगळ्या कुंभारवाड्याला ऐकू जाईल असा ज्यांचा आवाज, ते आता ‘जे आपल्या हातात नाही त्याचं काय एवढं’ म्हणतात आणि शांतपणे भाकरी मोडतात. बाजारालगतच्या त्या रंगवलेल्या ओसरीवर तिमोक्रेस नावाचे एक गुरुजी बसतात आणि माणसानं कसं जगावं ते दुपारभर सांगतात. आमचा फिलीनो गेला त्याच हिवाळ्यात ह्यांनी तिथे जायला सुरुवात केली. (पोराचं जहाज परत आलंच नाही, हे तुम्हाला कळलं होतं. तुमचा निरोप आला नाही, पण जाऊबाईंकडून मध आला. तो कुणी पाठवायला लावला हे न कळण्याइतकी मी खुळी नाही.)

आमचं लग्न झाल्यापासून एक जेवण भांडणाशिवाय झालेलं नाही, भाऊजी. आता घर इतकं गप्प असतं की मला माझंच चावणं ऐकू येतं. तेव्हा मी ठरवलं, ह्यांना एकदा तरी चिडवायचंच. आधी मसुराच्या आमटीत मूठभर मीठ घातलं. ह्यांनी वाडगा चाटूनपुसून संपवला, वर म्हणाले, “खारटपणा आमटीत आहे, मिर्टाले, माझ्यात नाही,” आणि घडाभर पाणी प्यायले. मग म्हटलं, समोरच्या सोसियासच्या घड्यांचे कान तुमच्यापेक्षा सुबक असतात. “असतातच,” म्हणाले, आणि उठून त्याला तसं सांगून आले! सोसियास बिचारा इतका घाबरला की वैद्याला बोलावू का म्हणून मला विचारायला आला. शेवटी शेजारची शेळी आत सोडली. तिने ह्यांच्या सणासुदीच्या पांघरुणाचा काठ खाल्ला. हे तिच्याजवळ बसून, प्रत्येक जिवानं आपल्या स्वभावाला धरून जगावं, असं काहीतरी तिला समजावत राहिले. शेळीला पटलं असावं. तिने दुसराही काठ खाल्ला.

तेव्हा मात्र माझंच डोकं फिरलं. डोक्यावरून पदर घेतला आणि तडक ओसरी गाठली. तिमोक्रेस म्हणजे काडीसारखा म्हातारा, मांडीवर अंजिरं घेऊन बसला होता. म्हटलं, “माझ्या नवऱ्याचा दगड केलात तुम्ही. पोरगा गेला तरी डोळ्यांत टिपूस नाही.”

म्हातारा रागावला नाही. (त्यांच्यात रागावत नाहीतच.) म्हणाला, “बाई, रडू नको असं मी कुणाला शिकवत नाही. डोळ्यांतलं पाणी शहाणपणाला विचारून येत नसतं. तुमचे यजमान आले तेच कोरडे आले. आजवर त्यांनी मला एकच गोष्ट विचारलीय.”

“काय?”

“बाप शेवटचं बोलला ते रागात, तर पोराला तेवढंच आठवलं असेल का?”

बंदरावर ह्यांनी त्याला, ‘चाकावर बसायची अक्कल नाही म्हणून समुद्रावर पळतोस’ असं सगळ्यांदेखत ऐकवलं होतं. मी तिथेच होते. मला ते कधी आठवलंही नाही, कारण आमच्या घरात ते रोजचंच होतं आणि पोरगं हसत हसत शिडी चढलं होतं. ह्यांनी मात्र ते धरून ठेवलं. राग सोडला तो ज्ञान झालं म्हणून नव्हे, राग आपल्या तोंडी पुन्हा यायची भीती बसली म्हणून. मी त्याच माणसाला महिनोन्‌महिने चिडवत होते. म्हाताऱ्याला विचारलं, मग तुम्ही काय उत्तर दिलंत? म्हणाला, “अजून शोधतोय.” आणि मला एक अंजीर दिलं. घरी येईपर्यंत ते माझ्या हातात तसंच होतं.

बाकी सर्व ठीक. ऑलिव्ह यंदा बरे आहेत. मुलांना माझे पापे.

ता. क. ऑलिव्हचं सांगायला काही मी पत्र लिहिलेलं नाही. गल्लीत कुणी गेलं की थडग्यावर ठेवायची तेलाची कुपी हेच करून देतात. फिलीनोचं थडगं रिकामं आहे आणि त्यावर कुपीही नाही. हे मातीचा गोळा चाकावर ठेवतात, बघत बसतात आणि उचलून ठेवतात. भाऊजी, तुम्ही या. या आणि ह्यांच्याशी कडाकडा भांडा. इतकं ऐकवूनही माणूस आपला तो आपलाच राहतो, हे ह्यांना ओसरीवर कोण दाखवणार? ते तुम्हीच दाखवू शकता.

ता. क. दुसरा. हे पत्र ह्यांच्या हाती लागलं. मला वाटलं, आता तरी ओरडतील. उभ्याउभ्या सगळं वाचलं आणि माझ्याकडे लेखणी मागितली. खालची ओळ त्यांची. बोट फिरलंय तिथे शाई पुसट झालीय, तेवढं समजून घ्या.

दादा, ये. पोराची कुपी करायचीय. लहानपणी मळायचास तशी माती तू मळून दे.